खाजकुइरीचं दुसरं नाव



पंधरा दिवसांपूर्वी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. वर करवतीसारख्या कडांच्या हिरव्या पानांचा फोटो आणि खाली मजकूर: "नेटल म्हणजे आपली खाजकुइरी. सांधेदुखी, लघवीचा त्रास, कंपवात, सगळ्यांवर एकच उपाय. संपूर्ण शाकाहारी, अपाय शून्य." तासाभरात आठ-दहा जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. अकोल्याच्या आमच्या मोठ्या जाऊबाईंनी मला वेगळं विचारलं, "मामंजींना तू हेच देतेस ना गं?"

देत नाही. का देत नाही हे दोन ओळींत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आधी फोटोबद्दल. ती वनस्पती खाजकुइरी नव्हेच. नेटल थंड प्रदेशात होते. हिमालयात तिला बिच्छू घास म्हणतात. तिच्या पानांवर आणि देठांवर पोकळ, काचेसारखे ठिसूळ केस असतात. हात लागला की टोक मोडतं आणि आतला दाहक रस कातडीत जातो. विंचू चावल्यासारखी आग होते, म्हणून हे नाव. तरी तिकडच्या बायका कोवळे शेंडे चिमट्याने खुडून त्यांची भाजी करतात, कारण शिजवल्यावर ती आग राहत नाही. युरोपात सांध्यांच्या आणि लघवीच्या तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या तिच्या पानांचा काढा पितात. कंपवाताशी तिचा काही संबंध नाही.

आपली खाजकुइरी म्हणजे शेंगांची वेल. वाल, पावटा यांच्या कुळातली. पळसासारखी तीन-तीन पानं, काळपट जांभळ्या फुलांचे लोंबते घोस, आणि हिवाळ्यात इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या शेंगा. शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असते, दिसायला अगदी मखमल. पानाला हात लागला तर काही होत नाही. सगळी खाज त्या मखमलीत.

वऱ्हाडात वाढलेल्या बाईला खाजकुइरी समजावून सांगावी लागत नाही. माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं. आमच्या शेताच्या एका धुऱ्यावर ती वेल बोरीच्या झाडावर चढलेली होती. कापूस वेचायच्या दिवसांत शेंगा वाळायच्या आणि वारा सुटला की लव उडायची. सालदाराची बायको आम्हा पोरांना आधीच दम भरायची, "त्या धुऱ्याकडं जाऊ नोका रे पोट्टेहो, खाजकुयरी हाय तिथं. दिवसभर आंग खाजवत बसान." शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर ती लव टाकणारे वीर प्रत्येक गावात असतात, आमच्याही गावात होते.

ती वेल तोडून जाळून टाकावी असं कोणीतरी दर वर्षी म्हणायचं. आजी म्हणायची, "तिच्या वाटेला गेलं नाही तर ती तुमच्या वाटेला येते का? राहू द्या." आजी फार शिकलेली नव्हती, पण वनस्पतीतही जीव आहे, विनाकारण फांदी मोडायची नाही, हे तिच्या हाडीमासी होतं.

आता मामंजींकडे येते.

मामंजींनी अकोल्यात एका जिनिंगमध्ये मुनीम म्हणून उभं आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे अमरावतीला आले. त्यांचं अक्षर टपोरं, मोत्यासारखं. मंदिराच्या दानाची वही त्यांच्याचकडे असायची. त्या वहीत पहिल्यांदा दिसलं की अक्षर बारीक होत चाललंय. ओळ सुरू व्हायची ठीक आणि शेवटी मुंगीएवढी व्हायची. मग उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर हात ठेवून बसले की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहत. पाहुण्यांना वाटे, मामंजी जपच करताहेत. डॉक्टरांनी बोटांची ती हालचाल पाहिली, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर चार ओळी लिहायला लावल्या आणि पार्किन्सन म्हणाले.

त्यांना दुखणं जाणवलं ते मात्र अभिषेकाच्या वेळी. रोज सकाळी शुद्ध धोतर-दुपट्टा नेसून भगवंताचा जलाभिषेक करायचा, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. कलश उचलताना हात बरा असायचा. धरून ठेवला की थोड्या वेळाने कंप सुरू, आणि पाणी मूर्तीऐवजी वेदीवर सांडायचं. एकदा मागे उभा असलेला एक मुलगा चांगल्या मनानेच म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी करतो." मामंजींनी कलश त्याच्या हातात दिला. घरी येऊन जेवले नाहीत. डॉक्टरांच्या निदानाने जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्याने झालं.

अशा वेळी दर्यापूरचे भाऊजी, म्हणजे मामंजींचे भाचे, आठवडी बाजारातून एक पुडी घेऊन आले. "खाजकुयरीच्या बियांची भुकटी हाय मामा. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा दुधातून घ्या. त्या इंग्रजी गोळ्या सोडून द्या, नाहीतर दोन्ही घ्या. झाडपाल्याचं हाय, अपाय काई नाई." मामंजींच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक दिसली. कारखान्यात बनलेल्या गोळीपेक्षा बियांची भुकटी त्यांना आपली वाटली. आमच्या ह्यांनाही वाटलं, काय हरकत आहे? मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून मग उघडू. मामंजी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

भाऊजी खोटं बोलत नव्हते. आयुर्वेदात खाजकुइरीला कपिकच्छू म्हणतात. कपि म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खाज. कौंचबीज किंवा कवचबीज म्हणून जे मिळतं ते हेच. कंपवातात ते फार जुन्या काळापासून वापरलं जातं. वैद्य ते तसंच देत नाहीत. बिया पुरचुंडीत बांधून गाईच्या दुधात उकडायच्या, वरचं साल काढायचं, वाळवायच्या आणि मग भुकटी करायची, अशी शुद्धीची रीत आहे. बाजारातल्या पुडीवर यातलं काय केलं, कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढची गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली, आणि ती ऐकून मी थक्क झाले. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. त्याच्यामुळे हालचाल सुरळीत होते. पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोपामिन बाहेरून दिलं तर ते मेंदूत शिरत नाही, पण ज्याच्यापासून ते बनतं ते लेव्होडोपा शिरतं. म्हणून गोळी लेव्होडोपाची. हेच लेव्होडोपा खाजकुइरीच्या बियांत असतं, हे १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोन शास्त्रज्ञांनी बियांतून ते वेगळं काढून दाखवलं. तेव्हा त्याचा पार्किन्सनशी संबंध कोणाला ठाऊक नव्हता. १९६१ मध्ये वियेन्नाच्या डॉक्टरांनी रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिलं आणि खिळून पडलेली माणसं उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी ते तोंडावाटे हळूहळू वाढवत देण्याची पद्धत बसवली.

म्हणजे मामंजींच्या गोळीत जे होतं, तेच भाऊजींच्या पुडीत होतं. एक कारखान्यातलं, एक वेलीवरचं, एवढाच फरक. दोन्ही एकदम घेणं म्हणजे एकच औषध दुप्पट घेणं. मग हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, भास होतात, उभं राहताना रक्तदाब घसरून माणूस पडतो. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते आपण सगळ्यांनी कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहिलेलं आहे.

मी डॉक्टरांना विचारलं, "मग गोळी बंद करून फक्त भुकटी दिली तर?" त्यांनी उडवून लावलं नाही. म्हणाले, २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात बियांच्या ३० ग्रॅम भुकटीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. पण ती भुकटी मोजलेली होती, तिच्यात लेव्होडोपा किती ते तपासलेलं होतं, आणि रुग्ण देखरेखीखाली होते. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात १४ रुग्णांना रोज आठवडेच्या आठवडे भुकटी दिली, तेव्हा निम्म्यांना ती मध्येच सोडावी लागली. कोणाला पोटाचा त्रास झाला, कोणाची हालचाल आणखी बिघडली. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं. ते औषधाला वाटेतच खर्च होऊ देत नाही, म्हणून थोड्या औषधात भागतं आणि मळमळ कमी होते. भुकटीत ती सोय नाही. बाजारातल्या चमचाभर भुकटीत औषध किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि चालू गोळी एकदम बंद करणं सगळ्यांत धोक्याचं. अंग लाकडासारखं ताठतं, सडकून ताप चढतो, जिवावर बेततं.

आमच्या ओळखीच्या वैद्यांनाही मी पुडी दाखवली. त्यांनीही हेच सांगितलं, "कपिकच्छू उत्तम आहे, पण या गोळ्या चालू असताना मी माझ्या मनाने देणार नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून, कमी-जास्त ठरवूनच." दोन शास्त्रांची दोन माणसं एकच गोष्ट बोलली, तेव्हा मामंजींनी पुडी स्वतःच्या हाताने भाऊजींना परत दिली.

मैत्रिणींनो, "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं. मला ते आता खटकतं. वनस्पतीला आपण जीव मानतो. एकेंद्रिय का होईना, जीव. तिच्यात जीव आहे असं मानायचं आणि तिच्यात शक्ती नाही असंही मानायचं, हे कसं जमतं? खाजकुइरी तर आपल्या शक्तीचा पुरावा शेंगेवरच मिरवते. जिची लव कातडीला लागली तर माणूस अंगणभर नाचतो, तिचं बी पोटात गेल्यावर गप्प बसेल का? औषध म्हणून तिचा मान राखायचा असेल तर मात्रा, वेळ आणि जाणकार माणूस, तिन्ही लागतात.

पुडीचा प्रश्न सुटला, पण त्याहून नाजूक प्रश्न पुढे होता. मामंजींचा सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम. डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळांत शेवटची गोळी रात्री आठची होती. डिसेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मामंजी रात्रीची गोळी घ्यायचेच नाहीत, आणि पहाटे कूस बदलायलाही ह्यांना उठवावं लागे. मी डॉक्टरांना सरळ नेम सांगितला. सांगायला लाजायचं काही कारण नाही, हे तुम्हालाही आवर्जून सांगते. त्यांनी दिवसभराच्या वेळा पुढे सरकवल्या आणि हळूहळू विरघळणारी एक गोळी सूर्यास्ताच्या आधी बसवून दिली. आणखी एक गोष्ट सांगितली: डाळी, दूध, दही यांतली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून शोषलं जाताना एकमेकांच्या आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर. आमच्याकडे वरणाशिवाय जेवण नाही. मी भिंतीवर वेळांचा कागद लावला: गोळी, मग अर्धा तास, मग ताट. पहाटेचा त्रास पुरता गेला नाही, पण निम्म्याहून कमी झाला.

मग दशलक्षण पर्व आलं. अनंत चतुर्दशीला मामंजी दर वर्षी निर्जळ उपवास करायचे. या वर्षीही करणार म्हणाले. घरात कोणाचं ऐकेनात. चातुर्मासासाठी आलेल्या आर्यिका माताजींकडे मी त्यांना घेऊन गेले. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोळा कारण भावना रोज म्हणता ना? त्यात तपाची भावना कोणती आहे?" मामंजी म्हणाले, "शक्तितस्तप." माताजी हसल्या. "पहिला शब्द कोणता आला?" शक्तीप्रमाणे. मामंजी बराच वेळ खाली बघत बसले. मग त्यांनी नेम घेतला: गोळी आणि तिच्याबरोबरचं पाणी चालू, जेवण एकच वेळ आणि तेही बिनमिठाचं. रसपरित्याग हेही बारा तपांतलंच एक. उपवास सुटला, तप सुटलं नाही.

याच सुमारास मला खाजकुइरीचं आणखी एक संस्कृत नाव कळलं: आत्मगुप्ता. स्वतःच स्वतःचं रक्षण करणारी. वाचल्याबरोबर मनात आल्या आपल्या तीन गुप्ती: मनोगुप्ती, वचनगुप्ती, कायगुप्ती. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्या आहेत. शब्द एकच, वाटा किती वेगळ्या! वेल स्वतःला राखते ती दुसऱ्याला बोचून. मुनी स्वतःला राखतात ते आपलंच मन, वाणी आणि शरीर आवरून. त्याच अध्यायात बावीस परिषह सांगितलेत, त्यांत एक तृणस्पर्श आहे, गवतकाट्यांची बोच समतेने सहन करणं. परतवाड्याहून मुक्तागिरीला जाताना सातपुड्याची ती रानं बघा. अशा रानांतून दिगंबर मुनी अनवाणी, उघड्या अंगाने चालत आलेले आहेत, आजही येतात. हातात मोरपिसांची पिच्छी, जिचा स्पर्श मुंगीलाही बोचू नये. बोचणाऱ्या जगातून जाताना आपण न बोचणं, हे त्या पिच्छीकडे पाहिलं की कळतं.

मला वाटतं, आजाऱ्याच्या घरात सगळ्यांत जास्त लागते ती वचनगुप्ती. "अहो, पाणी सांडलं", "लवकर चला ना", "राहू द्या, मी करते" ही वाक्यं खाजकुइरीच्या लवेसारखी असतात. बोलणाऱ्याला दिसतही नाहीत, आणि ज्याच्या अंगाला लागतात तो दिवसभर तळमळतो. आमच्या घरी आता एक नियम आहे. मामंजींच्या हातातून वस्तू काढून घ्यायची नाही. लागलाच तर खालून हात द्यायचा.

लहान मुलं असलेल्या घरांसाठी एक उपयोगाची गोष्ट. खाजकुइरी लागली तर चोळू नका, खाजवू नका, त्याने लव आणखी रुतते आणि पसरते. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून ओढा, दोन-तीन वेळा नवी पट्टी घ्या, मग साबणाने धुवा. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, १९५५ साली त्याची ओळख पटली. ते उष्णतेने निकामी होतं. ही खाज नेहमीच्या पित्तासारखी नसते, त्यामुळे पित्तावरच्या गोळीने फारसा उतार पडत नाही. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुवून थेट डॉक्टरांकडे.

आणि बियांची भुकटी, अवलेह, पाक यांपैकी काहीही घरात आलं तर डबा फिरवून वाचा. अवलेहात मध असतो, कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, हे आपण पाहतोच. त्याबरोबर हेही पाहा की घरातल्या कोणाला पार्किन्सनची, रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू आहे का. चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाही बुडवू नका. गरोदर बाईला तर देऊच नका.

जाऊबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ग्रुपवरचा तो मेसेज पुढे पाठवलेला होता, तो काढून टाकला.

मामंजींचा कंप गेलेला नाही. तो जाणार नाही, हे आता त्यांनीही स्वीकारलंय. पण सकाळची गोळी लागू पडली की तासभर हात चांगला असतो. अभिषेकाची वेळ त्यांनी त्या तासात बसवून घेतली आहे. कलश तेच धरतात. माझा लेक शेजारी उभा राहतो आणि तळाशी दोन बोटं टेकवून ठेवतो, कोणाला दिसणार नाहीत अशी.

जय जिनेंद्र.